काजळातले खळे

कोजागिरीच्या रात्री गोव्यातल्या पेडण्यात चंद्राकडे बघायला फारशी कुणाला सवड नसते. भगवतीच्या देवळापुढचे दोन दगडी हत्ती गर्दीत बुडालेले असतात, ढोलांचा गजर टिपेला गेलेला असतो आणि रवळनाथ-भूतनाथांची तरंगे, म्हणजे रंगीत वस्त्रांनी मढवलेले ते उंच खांब, डुलू लागलेले असतात. एका रात्रीत आपले देऊळ बांधून हवे म्हणून भूतनाथ रुसतो, रानाकडे धाव घेतो आणि भक्त त्याची समजूत घालून त्याला परत आणतात. ही पेडण्याची पुनव. याच रात्री काही माणसांना त्यांच्या घरचे लोक दंडाला धरून इथे घेऊन येतात. कुणी महिनाभर असंबद्ध बोलतो आहे, कुणी एकटक बघत बसते आहे, कुणी पोटच्या पोराला ओळखेनासे झाले आहे. बाधा झाली, असे घरच्यांचे निदान असते. तरंगांपुढे बाधा टिकत नाही, ही श्रद्धा.

अशा माणसांना नेमके काय झालेले असते, याचे एकच उत्तर देता येणार नाही. मनाचे आजार असतात, घरातला जाच असतो, न बोललेले दुःख असते. पण वागणे असे पालटण्यामागे कधीकधी एक निराळेच कारण निघते. डोक्यात खरोखरच दुसरा जीव शिरलेला असतो. तो गोल असतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही लहान असतो आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात सावकाश वाढत असतो. त्याचे नाव क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स. ही यीस्टच्या जातीची बुरशी. १८९४ साली इटलीत सान्फेलिचे यांना ती पीच फळाच्या रसात सापडली आणि त्याच सुमारास जर्मनीत बुसे यांना एका रुग्ण स्त्रीच्या पायाच्या हाडात. कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत ती असते, जुन्या झाडांच्या ढोलीतही असते. श्वासावाटे ती बहुतेकांच्या छातीत कधी ना कधी जाऊन येते आणि धडधाकट शरीर तिला तिथेच दाबून टाकते. ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे त्यांच्यात मात्र ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. एचआयव्हीने प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी घटलेले, मूत्रपिंड बदललेले, वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे, कर्करोगाच्या औषधांवर असलेले असे हे लोक. उपचार झाला नाही तर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. एचआयव्हीबाधितांमध्ये २०२० साली जगभरात त्याचे सुमारे १ लाख ५२ हजार रुग्ण झाले आणि १ लाख १२ हजार मृत्यू, असा अंदाज आहे.

या आजाराचे निदान हा वैद्यकाचा प्रश्न आहेच. पण थोडे खोलात गेले की तो वैद्यकाच्या हातातून निसटून तत्त्वज्ञानाच्या अंगणात येतो.

समजा, डिचोली तालुक्यातल्या मये गावात एक पंचेचाळिशीची बाई आहे. मूत्रपिंड बदलून चार वर्षे झाली, नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोज गोळ्या चालू आहेत. तीन आठवड्यांपासून डोके दुखते. सकाळी उलटी होते. मधूनच एकाचे दोन दिसतात. घरातले म्हणतात, काही नाही, पित्त झाले असेल. दवाखान्यात ताप बघतात, ताप नाही. मान पुढे वाकवून बघतात, मान ताठ नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. शेवटी डोक्याचा स्कॅन होतो आणि त्यातही काही नाही. स्कॅन क्लिअर आला म्हटल्यावर घर सुटकेचा श्वास टाकते, कुणीतरी गावच्या महामायेला नारळ ठेवून येते. पुढच्या आठवड्यात ती बाई आपल्या धाकट्या मुलीला भलत्याच नावाने हाक मारते.

दवाखान्यात चार वेळा 'नाही' झाले. एकही 'नाही' खोटा नव्हता. ताप खरेच नव्हता, मान खरेच मऊ होती, स्कॅनमध्ये गाठ खरेच नव्हती. तरी सगळे मिळून निष्कर्ष चुकला. मग 'नाही' हे ज्ञान केव्हा धरायचे?

आपल्याकडच्या दर्शनकारांनी या प्रश्नावर शतकानुशतके डोके खपवले आहे. जमिनीवर घडा आहे हे डोळ्यांना दिसते. घडा नाही, हे कशाने कळते? नैयायिक म्हणाले, तेही प्रत्यक्षानेच. कुमारिल भट्टांच्या मीमांसेला हे पटले नाही, पुढे अद्वैत वेदान्तालाही नाही. जे नाही त्याच्याशी डोळ्याचा संबंध येणार कसा? म्हणून त्यांनी सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे सहावे साधन मानले, अनुपलब्धी. वस्तू न आढळणे, यावरूनच ती नसल्याचे ज्ञान होते. पण एवढ्यावर ते थांबले असते तर अंधाऱ्या खोलीत शिरून 'घडा नाही' म्हणणाऱ्यालाही ज्ञानी म्हणावे लागले असते. सतराव्या शतकातल्या धर्मराज अध्वरींद्रांच्या 'वेदान्तपरिभाषे'त त्यावर अट घातलेली आहे. अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे. लख्ख उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, घडा असता तर दिसलाच असता, आणि तरी दिसत नाही. तेव्हाच तो नाही असे म्हणायचे.

धर्मकीर्तीच्या परंपरेतल्या बौद्ध तार्किकांनी हीच मर्यादा वेगळ्या शब्दांत सांगितली आणि त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण पेडण्याच्या पुनवेला ऐकवण्याजोगे आहे. पिशाच दिसत नाही, यावरून पिशाच नाही असे सिद्ध होत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगेच मानलेले नाही. न दिसणे हा पुरावा फक्त दिसणाऱ्या गोष्टींपुरता. यात पिशाचाची तरफदारी कुठेही नाही. आपल्या 'नाही'ची धाव किती, एवढेच त्यांना मोजायचे होते.

मयेच्या बाईचे चार 'नाही' या कसोटीवर लावून पाहा. ताप जंतू आणत नाहीत, जंतूंची चाहूल लागल्यावर शरीर स्वतःच स्वतःला तापवते. मान ताठ होते ती मेंदूच्या आवरणाला सूज आल्याने, आणि सूज म्हणजे आपल्याच पेशींनी पुकारलेले युद्ध. पांढऱ्या पेशी वाढतात त्याही आपल्याच. डॉक्टर वर्षानुवर्षे ज्याला रोगाची लक्षणे म्हणत आले, त्यातली अर्धीअधिक शरीराच्या ओरडण्याची लक्षणे आहेत. त्या बाईचे शरीर ओरडू नये म्हणून तर तिला रोज गोळ्या चालू होत्या. क्रिप्टोकोकसच्या मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या या आजारात, मान ताठ होणे हे लक्षण निम्म्याहून कमी रुग्णांत आढळते. एचआयव्ही पुढच्या टप्प्याला गेलेल्या काहींच्या पाठीच्या पाण्यात, म्हणजे मेंदूभोवतीच्याच पाण्यात, तर पांढऱ्या पेशीसुद्धा जवळपास नसतात. राखणदार मेलेला आहे म्हणून घरात शांतता आहे. आणि स्कॅन? तो गाठ, रक्तस्राव, साचलेले पाणी दाखवतो. पाण्यात तरंगणारी बुरशी दाखवणे हे त्याचे कामच नव्हे. म्हणजे चारही अनुपलब्धी अयोग्य होत्या. खोलीत अंधार होता.

असलेली वस्तू का दिसत नाही, याची कारणे ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेने सातव्या कारिकेत मोजून आठ दिली आहेत. तशीच यादी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही आहे. वस्तू फार दूर असते, फार जवळ असते, इंद्रिय बिघडलेले असते, मन ठिकाणावर नसते, वस्तू सूक्ष्म असते, मध्ये आडपडदा असतो, दुसऱ्या कशाच्या तेजाने ती झाकोळते किंवा आपल्यासारख्याच वस्तूंत मिसळून जाते. टीकाकारांनी उदाहरणेही दिली आहेत. फार जवळचे म्हणून न दिसणारे काय, तर डोळ्यातले काजळ.

ही यादी आजच्या एखाद्या वॉर्डच्या भिंतीवर लावली तरी चालेल. बुरशी सूक्ष्म आहे. मध्ये कवटीचा आडपडदा आहे. स्टेरॉइडने ताप आणि ठणका झाकोळतो, जसे दिवसा तारे. आणि सगळ्यात घातक ते शेवटचे कारण, समानात मिसळणे, मुगाच्या राशीत पडलेला मूग. क्षयाचा मेनिंजायटिस आपल्याकडे पुष्कळ. दोन्ही आजार आठवडे खात हळूहळू वाढतात. दोन्हींत पाठीच्या पाण्यात बहुधा लिंफोसाइट पेशी वाढतात, प्रथिने वाढतात, साखर उतरते. रिपोर्ट बघून क्षयाची औषधे सुरू होतात, त्यासोबत स्टेरॉइडही, आणि दोन दिवस बरे वाटते. आयुर्वेदाच्या निदानपंचकात 'उपशय' नावाचा एक प्रकार आहे. औषध देऊन पाहायचे, आराम पडला की रोग ओळखायचा. इथे तोच उपशय फसवतो, कारण आराम स्टेरॉइडने पडलेला असतो आणि बुरशीला रान मोकळे मिळालेले असते.

राहिले मन. ते ठिकाणावर नसेल तर डोळे उघडे असूनही उपयोग नाही. प्रयोगशाळा कागदावर लिहिलेलीच तपासणी करते. कागदावर 'क्रिप्टोकोकस' हा शब्द नसेल तर ते पाणी साखर-प्रथिने सांगून गप्प बसते. एचआयव्हीबाधिताच्या बाबतीत डॉक्टरांना निदान आठवण तरी होते. मूत्रपिंड बदललेल्या किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत तीही उशिरा होते, म्हणून अशा रुग्णांचे निदान बऱ्याचदा जास्त लांबते.

अंधारात दिवा न्यायचा तर पाठीतले पाणी काढावे लागते. आणि इथे गावोगावची भीती आडवी येते. पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो, पाणी काढले आणि तो गेला, अशा गोष्टी पेडण्याच्या बाजारात ऐकू येतात तशा साखळीच्याही. गोष्टी अगदीच हवेतल्या नसतात. फार उशिरा, बेशुद्ध होऊन आलेल्या रुग्णाचे पाणी काढले जाते आणि तो दगावतो. सुई ही शेवटची आठवण उरते म्हणून दोष सुईवर येतो.

प्रत्यक्षात घडते ते असे. रुग्णाला कुशीवर वळवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठीचा धनुष्यासारखा बाक. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची वरची टोके मनातल्या मनात रेघेने जोडली की बोट ज्या मणक्याशी येते, त्याच्या आसपासच्या फटीत आधी बधिर करण्याचे इंजेक्शन आणि मग बारीक लांब सुई. मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो, त्यामुळे सुई त्याला लागायचा प्रश्नच येत नाही. सुई आत गेल्यावर तिला काचेची उभी नळी जोडतात आणि पाणी नळीत चढू लागते. निरोगी माणसात ते साधारण वीस सेंटिमीटरच्या आत थांबते. या आजारात पंचवीस, तीस, कधी नळीच्या टोकाबाहेर. बुरशी आणि तिचे बुळबुळीत आवरण यांनी पाणी निचरण्याच्या वाटा तुंबवलेल्या असतात, म्हणून डोके फुटते आणि नजर जाते. पंधरा-वीस मिलिलिटर पाणी काढल्यावर तीन आठवडे दुखणारे डोके त्याच खाटेवर उतरू शकते. ज्या सुईची धास्ती, तीच इथे निदानही करते आणि उतारही देते. दाब चढता असेल तर ती दिवसाआड, कधी रोज टोचावी लागते.

नळीतले पाणी कसे दिसते? विहिरीच्या पाण्यासारखे, नितळ. नातेवाइकांना बाटली दाखवली तर तेही म्हणतील, यात काही नाही.

मग त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि त्यात शाईचा थेंब मिसळतात. ही इंडिया इंक. नावात इंडिया असली तरी शाई मूळची चिनी, आणि ती बनते दिव्याच्या काजळीपासून. आपल्या पोथ्याही काजळाच्याच शाईने लिहिल्या जात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे क्षेत्र काळेकुट्ट होते आणि त्या काळोखात एकेक गोल उजळतो. मध्ये पेशी आणि तिच्याभोवती स्वच्छ, रुंद कडे. पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला खळे पडावे तसे.

हे खळे म्हणजे बुरशीचे आवरण. ते पारदर्शक असते, रंग धरत नाही, स्वतःहून दिसतच नाही. शाईचे कण त्यात शिरू शकत नाहीत म्हणून तिथे काळे नाही, आणि काळे नाही म्हणून आवरण आहे असे कळते. शाईच्या अभावावरून आवरणाचा भाव. कुमारिलांच्या शिष्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवले असते तर त्याने हेच उदाहरण पुढच्या टीकेत घातले असते. हा 'नाही' योग्य आहे, कारण शाई सगळीकडे पोहोचेल अशी सोय आधी केली आहे. डोळ्यातले काजळ दिसत नाही. तेच काजळ पाण्यात कालवले तर न दिसणारे दाखवते.

पण शाईलाही मर्यादा आहे. बुरशी थोडी असेल, आवरण पातळ असेल किंवा बघणारा घाईत असेल तर ती निसटते. एचआयव्हीबाधितांतल्या अभ्यासांत शंभरातले दहा-पंधरा रुग्ण शाईच्या तपासणीत सुटलेले दिसतात. म्हणून आता अँटिजेनची पट्टी आली आहे. गरोदरपणाच्या तपासणीला वापरतात तशीच कागदी पट्टी, बुरशीच्या आवरणातून सुटलेली साखरेसारखी द्रव्ये ओळखणारी. अमेरिकेत तिला २०११ साली मान्यता मिळाली. पाठीचे पाणी चालते, बोटाच्या टोकाचे रक्तही चालते, दहा मिनिटे लागतात आणि शंभरात एखादाच रुग्ण सुटतो. शिवाय ही द्रव्ये डोकेदुखी सुरू होण्याच्या साधारण तीन आठवडे आधीपासून रक्तात सापडू लागतात. सीडी-४ पेशी १००च्या खाली गेलेल्या प्रत्येक एचआयव्हीबाधिताची, तक्रार नसली तरी, ही तपासणी करावी आणि २००च्या खालच्यांचीही करण्याचा विचार व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले ते यामुळेच.

एवढे करून पट्टीचा 'नाही'सुद्धा कधीकधी फसवतो, आणि तोही उलट्या कारणाने. रक्तात द्रव्य अतोनात असेल तर पट्टीवरची रेघ उमटतच नाही. नमुना पातळ करून पुन्हा लावला की उमटते. फार जवळचे दिसत नाही, या सांख्यांच्या कारणाला याहून चपखल दाखला शोधून सापडणार नाही.

देवाला विचारण्याची गोव्याची रीतही या संदर्भात नीट बघण्यासारखी आहे. पेडणे, डिचोली हे तालुके पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, तोवर देवळे पाडण्याचा काळ मागे पडला होता. त्यामुळे इथली ग्रामदैवते जागच्या जागी राहिली. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी मानल्या जातात, आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण हीही त्यांच्यातलीच एक. दुखणे हटेना म्हटल्यावर माणूस देवळात जातो, गाऱ्हाणे घातले जाते, मूर्तीला पाकळ्या लावल्या जातात आणि कौल मागितला जातो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. आणि कुठलीच पडली नाही तर? तर थांबतात. प्रश्न बदलून पुन्हा विचारतात. देवाच्या घरी मौन म्हणजे 'नाही' असे कुणी धरत नाही. स्कॅन क्लिअर आला म्हणून उठून घरी जाणाऱ्यापेक्षा पाकळीसमोर हात जोडून ताटकळणारा माणूस अभावाच्या बाबतीत अधिक सावध असतो, हे मान्य करायला विज्ञाननिष्ठांनी लाजू नये.

साम्य मात्र इथेच संपते. शाई चुकली हे पट्टी सांगू शकते, पट्टी चुकली हे प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी सांगू शकते. एका प्रमाणाला दुसरे प्रमाण पकडू शकते. कौलाला पकडणारे कुणी नाही. पुढे काहीही घडले तरी त्याचा अर्थ लागतोच. कौल माणसाला धीर देतो, निर्णयाला सोबत देतो, आणि संकटात धीर ही लहान गोष्ट नव्हे. पण डोक्यात चढलेला दाब त्यासाठी थांबत नाही. आंगवण, म्हणजे नवस, करायची तर जरूर करावी, बांबोळीच्या इस्पितळाकडे जाणारी गाडी सुरू ठेवून करावी.

आता त्या प्रश्नाकडे यायला हवे जो घरात कुणी मोठ्याने विचारत नाही आणि मनात सगळेच विचारतात. हे आपल्यालाच का? कुठले पाप?

कर्मविपाकाच्या ग्रंथांनी अमुक पापाला अमुक रोग अशा याद्या दिल्या आहेत. ख्रिस्ताच्या शिष्यांनीही जन्मांधाला बघून हेच विचारले होते, पाप याचे की याच्या आईबापांचे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू दोन्ही नाकारतो. आपल्या तर्कशास्त्राचे उत्तर अधिक रोखठोक आहे. पाप-पुण्य, धर्म-अधर्म या गोष्टी दिसण्याजोग्या नाहीत, तेव्हा त्या आहेत की नाहीत हे बघून ठरवता येत नाही, हे 'वेदान्तपरिभाषा'ही मान्य करते. राहिले अनुमान. रोग आहे, म्हणून पाप आहे. धूर आहे, म्हणून अग्नी आहे असे म्हणताना अग्नीवाचून धूर कुठे आढळत नाही, ही व्याप्ती हाताशी असते. इथे ती कुठे आहे? एचआयव्ही आईकडून बाळाला होतो, नवऱ्याकडून बायकोला होतो, दिलेल्या रक्तातून होतो. हेतू (इथे रोग) साध्याला (इथे पापाला) सोडून असा भलतीकडे फिरू लागला की न्यायशास्त्रात त्या दोषाला एक नाव आहे, 'व्यभिचार'. एचआयव्हीला ज्यांनी व्यभिचाराचा रोग म्हटले त्यांना हे कुणीतरी सांगायला हवे होते. व्यभिचार त्यांच्या अनुमानातच होता.

गोव्याने या चुकीची किंमत मोजलेली आहे. १९८७च्या दुरुस्तीने गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्हीबाधितांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद आली. डॉमिनिक डिसोझा हा वन्यजीव संरक्षणाचे काम करणारा बार्देशमधला तरुण नियमित रक्तदान करीत असे. त्याचा दोष एवढाच की त्याचे रक्त तपासले गेले आणि त्यात एचआयव्ही आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला उचलले आणि क्षयरोग्यांसाठी एकेकाळी वापरात असलेल्या इमारतीत कोंडले. आजार काय, पुढे काय, हे त्याला धड सांगायलाही कुणी नव्हते. आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. ६४ दिवसांनी तो बाहेर आला. विलगीकरणाची तरतूद मात्र न्यायालयाने वैध ठरवली. त्याने १९९२ साली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. 'माय ब्रदर निखिल' हा २००५चा चित्रपट त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

त्या कायद्याची गफलत क्रूरपणाची होती, तशीच ज्ञानाचीही. कोंडण्याची भीती असेल तर माणूस तपासायला येत नाही. तपासायला आला नाही तर वहीत नोंद होत नाही. वहीत नोंद नाही म्हणून तालुक्यात रोग नाही. समाजानेच दिवा विझवायचा आणि मग घडा दिसत नाही म्हणायचे. एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा, तपासणीसाठी संमती आणि गुप्तता बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. गावातली कुजबुज मात्र कायद्याने थांबत नाही. ओळखीचे कुणी बघेल म्हणून आपल्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राकडे न फिरकणारा माणूस औषधे मध्येच सोडतो, पेशी घसरत जातात, आणि वर्षा-दोन वर्षांनी डोके दुखू लागते. तेव्हाही तो डॉक्टरला आपल्या एचआयव्हीबद्दल सांगत नाही. शरीर गप्प, रुग्ण गप्प, घर गप्प. अशा वेळी डॉक्टरने 'काही नाही' म्हटले तर त्यात नवल कसले?

दोष शोधण्याची हौस पापावरच थांबते असेही नाही. मुंबईत २०२५च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा जीवदया मोठी की फुप्फुसे मोठी या वादाने रस्ता अडला होता. कबुतरांच्या विष्ठेने छातीचे आजार होतात हे खरे, आणि कमकुवत प्रतिकारशक्तीच्या माणसाने तिथून चार हात लांब राहावे हेही खरे. पण एखाद्या रुग्णाच्या डोक्यातली बुरशी कुठल्या वर्षी, कुठल्या वळचणीतून आली, हे सहसा कुणालाच सांगता येत नाही. ती बहुतेकदा फार पूर्वी येऊन झोपलेली असते. 'कुठून आली' याला उत्तर नाही, 'कुणाचे पाप' यालाही नाही. 'आहे का' याला मात्र आहे.

ते वेळेवर मिळाले तर पुढची वाट अवघड असली तरी चालण्याजोगी आहे. अँफोटेरिसिन हे मुख्य औषध व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५०च्या दशकात मिळाले. थंडी भरवणारे, मूत्रपिंडांना जड जाणारे असे ते औषध. आता त्याचे सौम्य, चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेले रूप मिळते, आणि २०२२ पासून एचआयव्हीबाधितांसाठी त्याचा एकच मोठा डोस व सोबत दोन आठवड्यांच्या गोळ्या, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने पुढे केली आहे. त्यानंतर फ्लुकोनॅझोल महिनोन्महिने चालते. एचआयव्हीची औषधे मात्र लगेच सुरू करत नाहीत, चार ते सहा आठवडे थांबतात. कारण प्रतिकारशक्ती परतली की इतके दिवस मुके असलेले शरीर एकदम ओरडू लागते आणि त्या सुजेनेच माणूस दगावू शकतो. मौन मोडायलाही वेळ साधावी लागते.

तेव्हा पेडणे-डिचोलीतल्या, आणि कुठल्याही गावातल्या, ज्या घरात मूत्रपिंड बदललेले, स्टेरॉइडवर असलेले, कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा एचआयव्ही असलेले माणूस आहे, त्या घराने एवढे करावे. डोके आठवडाभर दुखत राहिले, सोबत उलट्या, दुहेरी दिसणे किंवा वागण्यात फरक आला, तर ताप नाही म्हणून थांबू नये. स्कॅन क्लिअर आला तरी थांबू नये. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरला आपणहून सांगावे आणि क्रिप्टोकोकसची तपासणी केली का, असे त्या नावानेच विचारावे. एचआयव्हीबद्दल कुणापाशी बोलता येत नसेल तर १०९७ हा सरकारी मदतीचा क्रमांक मोफत आहे. पट्टीला रक्ताचा एक थेंब लागतो आणि दहा मिनिटे.